कापगत्यांच्या पूलमधला क्लोरीन कोण खातं?

टेस्ट ट्यूबमधल्या पाण्यात गोळी विरघळली, पण रंग काही आला नाही. मी ट्यूब हलवली. उजेडाकडे धरली. मागे खिशातला पांढरा रुमाल धरून पाहिलं. पाणी जसंच्या तसं, विहिरीतून आत्ता काढल्यासारखं.

माझ्या पाठीमागे कापगते भाऊ चहाची कपबशी घेऊन उभे होते. ते रोज तसेच उभे राहत, परीक्षेच्या हॉलमधल्या सुपरवायझरसारखे.

"गुलाबी नाई झालं?"

"नाही, भाऊ."

"काल संध्याकाळी तं झालं होतं."

"हो. काल चांगलं गडद गुलाबी होतं."

"मंग रातच्यानं कोन पेलं?"

मी बी.एस्सी. आहे. केमिस्ट्रीत फर्स्ट क्लास आहे. मी ट्यूब पुन्हा एकदा हलवली.

माझं काम काय ते आधी सांगतो. नागपूरच्या एका कंपनीत मी स्विमिंग पूलच्या पाण्याचा टेक्निशियन आहे. पूल बांधणारे वेगळे, पोहणारे वेगळे आणि पाणी राखणारे आम्ही वेगळे. लोकांना वाटतं, खड्डा केला, टाइल्स लावल्या, पाणी सोडलं, झाला पूल. पण साचलेलं पाणी सडतं. त्यात शेवाळ धरतं, जंतू वाढतात. म्हणून क्लोरीन लागतो. तो आहे की नाही, हे आम्ही गोळी टाकून बघतो. पाणी गुलाबी झालं तर क्लोरीन आहे. जितकं गडद, तितका जास्त. रंगच आला नाही, तर तो पूल नसून निळ्या टाइल्स लावलेलं डबकं आहे.

आणि क्लोरीन टाकला तेवढा पाण्यात उरत नाही. समजा, धानाच्या रोवणीला तुम्ही गाडीभर बाया आणल्या आणि निम्म्या वाटेतच दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, उतरल्या. मग तुमच्या बांधीत पोचल्या तेवढ्याच तुमच्या. तसंच हे. पाण्यातल्या घाणीशी झुंजण्यात खर्च झाला तो गेला. झुंजून जो शिल्लक राहिला, त्याला आम्ही फ्री क्लोरीन म्हणतो. पोहणाऱ्याच्या कामाचा तोच.

हिवाळ्यात आमच्याकडचे घरगुती पूल बंद असतात. उन्हाळा लागताना पुन्हा सुरू करतात. याला आम्ही ओपनिंग म्हणतो. सानगडीच्या कापगते भाऊंचा पूल मी ओपनिंगला पहिल्यांदा पाहिला, तेव्हा पाणी मेथीच्या भाजीच्या रंगाचं होतं आणि त्यात एक बेडूक मालकासारखा बसला होता.

कापगते भाऊंची राईस मिल आहे. घर गावाबाहेर, मागे मोठी वाडी, आणि वाडीत हा पूल. तलावांच्या जिल्ह्यात पूल बांधला म्हणून गाव वर्षभर हसत होतं. पण भाऊंची मुलगी पुण्याला. तिची दोन लेकरं तिथल्या सोसायटीच्या पूलमध्ये पोहायला शिकली. मागे आली तेव्हा गावच्या तलावात उतरायला तयार होईनात. पायाला मासे लागतात म्हणाली. भाऊंनी त्याच आठवड्यात ठेकेदार बोलावला. आता गुढीपाडव्याला लेकरं येणार होती.

पाडव्याची तारीख माझ्याही मानेवर होती. तोवर कंपनीत मी हेल्पर होतो. सीनियर टेक्निशियन टेस्ट करायचे, मी ड्रम उचलायचो. आमचे पांडे साहेब एक दिवस म्हणाले, "मेश्राम, भंडारा जिल्हा तुला द्यायचा विचार आहे. पण आधी एक ओपनिंग अकेला करून दाखव. सानगडीवाला. पाडव्याला मी स्वतः येतो टेस्ट करायला. जमलं तर जिल्हा तुझा. नाही जमलं तर ड्रम आहेतच."

मी हे घरी सांगायला नको होतं. सांगितलं. आमचं मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आम्ही पुनर्वसनाच्या वस्तीत राहतो. बाबा गवंडीकाम करतात. विहाराच्या वाचनालयात अभ्यास करून मी कॉलेजात गेलो आणि घरातला पहिला पदवीधर झालो. ज्या पाण्यानं गाव नेलं त्याच पाण्यावर आता पोरगा पोट भरतो, याचं आईला फार अप्रूप. तिनं संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीला सांगून टाकलं की पोरगा जिल्ह्याचा साहेब झाला. झाला. होणार नाही, झाला. दुसऱ्या दिवशी एका काकांनी मला घरकुलाच्या यादीत नाव लावून द्यायला सांगितलं.

म्हणून क्लोरीन टिकणं भाग होतं.

सुरुवातीची कामं सरळ होती. बेडकाला सन्मानानं शेजारच्या बांधीत सोडलं. तळ घासला. फिल्टर उलट्या दिशेनं धुतला, त्याला बॅकवॉश म्हणतात. मग क्लोरीनचा एक जबर डोस दिला. एक-दोन दिवसांत पाणी मेथीवरून ताकावर आलं आणि ताकावरून स्वच्छ झालं. तळाच्या टाइल्सचा सांधा न् सांधा दिसायला लागला. भाऊ खूश. मी खूश. संध्याकाळी टेस्ट केली, गुलाबी. साकोलीला या कामापुरत्या घेतलेल्या खोलीवर जाऊन शांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आलो, तर रंग नाही.

पुन्हा डोस दिला. संध्याकाळी गुलाबी. सकाळी नाही. पुन्हा दिला. तेच.

पहिला संशय मालावर घेतला. क्लोरीनची पावडर जुनी झाली की तिचा जोर उतरतो. नवीन ड्रम मागवला. नवा क्लोरीनही रात्रीतून गेला, उलट जरा जास्तच आज्ञाधारकपणे गेला.

दुसरा संशय उन्हावर. ऊन क्लोरीन उडवतं, म्हणून त्यासोबत एक स्टॅबिलायझर टाकतात. क्लोरीनला छत्री दिल्यासारखं. मी छत्री दिली. मग खोलीवर गेल्यावर लक्षात आलं की क्लोरीन रात्री जातो आणि सानगडीत रात्री ऊन नसतं.

तिसरा संशय विहिरीवर. चौफेर धानाच्या बांध्या. उन्हाळी धानाला युरिया पडलेला. युरियातलं नत्र विहिरीत उतरलं तर क्लोरीन खातं. हा संशय मला स्वतःलाच फार आवडला, कारण त्यात खरी केमिस्ट्री होती. विहिरीचं पाणी तपासलं. उत्तम निघालं. मी थोडा नाराजच झालो.

मी साहेबांना फोन केला.

"पंप रात्री चालू असतो?"

"नाही साहेब. टायमर आहे. रात्री बंद."

"बच्चे वगैरे उतरतात का गुपचूप?"

"कोणी नाही साहेब. गेटला कुलूप असतं."

"जाळीच्या डब्यात काय निघतं?" पूलच्या काठाला एक डबा असतो, पाण्यावर तरंगणारा कचरा त्यात अडकतो. साहेब त्याबद्दल विचारत होते.

"काही नाही साहेब. एकदम साफ. इतका साफ डबा मी कुठेच पाहिला नाही. घरचे लोक फार स्वच्छ आहेत."

"वर झाड आहे?"

"आहे. मोहाचं. कुंपणाच्या पलीकडे आहे, पण फांद्या पूलवर येतात."

"पानं पडत असतील ना मग!"

"साहेब, झाडावर सध्या एक पान नाही. पडणार काय?"

हे मी मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं. भंडारा जिल्ह्यातलं कोणतंही पोर हे वाचून इथंच कपाळाला हात लावेल. साहेब नागपूरचे असल्यामुळे त्यांनी लावला नाही.

"ठीक है," ते म्हणाले. "पण मेश्राम, क्लोरीन कुठे जात नसतो. कोणीतरी खात असतं. शोध."

आता कापगते भाऊंच्या आईबद्दल सांगायला हवं. घरात आणि गावात सगळे तिला आजी म्हणत. कमरेत वाकलेली, पण चालायला मिलच्या पट्ट्यासारखी. मी आलो की आजी ओसरीवरून हाक मारायची, हातावर एक लाडू ठेवायची आणि तो खाऊन होईपर्यंत समोरून हलायची नाही. मोहफुलं भाजून, तीळ घालून कुटलेला लाडू. माझी आईही करते.

पण आजीच्या लाडवाला एक चव होती. कशी सांगू? पहिल्या घासाला मोह, दुसऱ्या घासाला तीळ आणि शेवटी सरकारी दवाखान्याचा व्हरांडा. मला वाटलं, माझ्याच बोटांना क्लोरीन लागलेला असणार. दुसऱ्या दिवशी साबणानं हात धुतले. तीच चव. तिसऱ्या दिवशी मी आजीला चमचा मागितला.

"लाडू चमच्यानं खाते का गा कोनी?"

"आजी, हाताला केमिकल असते माझ्या."

"शिकलेल्याइचं सारंच येगळं," असं म्हणून तिनं चमचा दिला. चव तीच होती.

त्याच दिवशी आजीनं मला बाजूला घेतलं.

"पोरा, तू शिकलेला आहेस ना? मंग माह्या झाडाले काय झालं ते पाह्य बरं."

"काय झालं?"

"यंदा मोह पांढरा पडून राहिला. दरसाल कसा पिवळा, चिकट, गोड रायते. मुंगी सोडत नाई त्याले. यंदा मुंगी ढुंकून पाहात नाई. वास बी कसातरीच. झाडाले रोग लागला वाट्टे."

मला बरं वाटलं. माझ्या घरात मी पहिला पदवीधर. शिकलेल्या माणसाला कुणी काही विचारलं तर उत्तर द्यावं, असं मला फार वाटतं. मी झाडाला फेरी मारली.  मी बुंध्याजवळची माती घेतली, पाण्यात कालवली आणि माझ्या किटवर तिचा पीएच काढला. पीएच म्हणजे आंबटपणा किती आणि क्षारपणा किती, याचं माप. तो किट पूलच्या पाण्यासाठी असतो, मातीसाठी नसतो. तरी मी काढला.

"आजी, पूलच्या बांधकामाचं सिमेंट मुळांपर्यंत गेलं असेल. त्यानं माती बिघडली. शेणखत घाला."

"मी म्हनलंच होतं त्या टाक्यानं घात केला म्हनून!" आजी म्हणाली आणि पूलकडे असं बघितलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. पूल बांधताना ठेकेदार मोह तोडायला निघाला होता, तेव्हा आजी शिदोरी घेऊन झाडाखाली जाऊन बसली होती, हे मला भाऊंनी सांगितलेलं होतं. मग खड्डाच सरकवावा लागला होता. फांद्या मात्र कुणी सरकवल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मोहाखाली दोन घमेली शेणखत पडलेलं होतं. माझा सल्ला कुणीतरी अमलात आणला, या आनंदात मी तो दिवस काढला. क्लोरीन त्या रात्रीही गेलाच.

पाडवा जवळ येत होता. कापगते भाऊंचा धीर सुटत चालला होता. मिलवर धान घेऊन येणारे लोक त्यांना छेडत. "भाऊ, टाक्यात शिंगाडा कवा लावता?" कुणी म्हणे तुरटी फिरवा. कुणी म्हणे मासे सोडा, ते पाणी साफ ठेवतात. एक दिवस पंपाच्या खोलीवर निंबू-मिरची लटकलेली दिसली. मी ती राहू दिली. पंपाला तिचा त्रास नव्हता.

"पोरगी काल फोनवर इचारत होती," भाऊ म्हणाले. "म्हने बाबा, लेकरं उतरतीन ना पान्यात? मी म्हनलो उतरतीन. मेश्राम, उतरतीन ना?"

"उतरतील भाऊ."

"असं खाली पाहून काहून म्हनून राहिला तू?"

मी साहेबांना पुन्हा फोन केला. ते म्हणाले, "ओव्हरनाइट टेस्ट कर. नीट कर. तू रोज सकाळी दहाला जातोस, तोवर अर्धा दिवस उजाडलेला असतो. सूर्य मावळल्यावर एक रीडिंग आणि उगवायच्या आधी एक. मग ऊन हिशोबातून बाद. रात्रीत गेला तर पाण्यात काहीतरी खाणारं आहे, हे पक्कं."

इतकी साधी टेस्ट. मी ती कधी केली नव्हती, कारण मला सूर्य उगवायच्या आधी साकोलीहून निघावं लागलं असतं. तसा मी निघालो. भाऊंकडून आदल्या संध्याकाळी मागच्या गेटची चावी घेतली, दिवस मावळल्यावर रीडिंग घेतलं. गडद गुलाबी. पहाटे गाडीला किक मारली. रस्त्यात दोन्ही बाजूंच्या मोहांखाली कंदील, टॉर्च आणि टोपल्या दिसत होत्या. बाया, लेकरं वाकून फुलं वेचत होती. मोहाचे दिवस होते. मला माझं लहानपण आठवलं. आई मला असंच उठवायची. मोहाचं फूल पहाटेच्या अंधारात गळतं आणि ऊन चढायच्या आत वेचावं लागतं. मी गाडीवर बसून हे सगळं आठवलं, हळवाही झालो आणि तरीही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. डोक्यात तेव्हा फक्त नत्र होतं.

गेट उघडलं. वाडीत गेलो. आणि थबकलो.

पूल निळा नव्हता. फिकट पिवळा होता. या काठापासून त्या काठापर्यंत मोहफुलं तरंगत होती, इतकी की पाणी दिसत नव्हतं. वरून टप टप आणखी पडत होती. आणि काठावर, लुगड्याचा काचा मारून, आमच्या कंपनीची लांब दांड्याची जाळी हातात घेऊन आजी उभी होती. सराईत ढिवर तलावात जाळं फिरवेल तशी ती जाळी फिरवत होती. जाळी भरली की टोपलीत रिकामी. दोन टोपल्या भरून झाल्या होत्या.

"आजी!"

तिनं मान वळवली. "आला का? आज लवकर आला. लाडू अजून बांधले नाई."

"आजी, हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"मोह काढून राहिलो. दिसत नाई का?"

"रोज काढता?"

"रोज पडते तं रोज काढा लागते. का बे, तू मोहाच्या मुलखातला ना?"

मी काठावर बसलो.  आजी काम न थांबवता सांगत होती. जमिनीवरचा मोह वेचायचा म्हणजे आधी पाला जाळा, मग झाडा, मग वाका. फुलाला माती लागते, काडी लागते, मुंग्या लागतात. कंबर धरते. आणि हे टाकं झाल्यापासून बघ, फूल वरच्या वर तरंगते. वाकणं नाही, झाडणं नाही. धुतल्यासारखा मोह. उजाडायच्या आत सारा काढून घ्यायचा, नाहीतर भाऊ उठून बोंबलतो पाण्यात कचरा पडला म्हणून.

"आणि तो काठाचा डबा?"

"त्यातले बी मीच काढतो. गंज फुलं अडकते त्यात, ढीगभर. धुऊन ठेवतो मंग. तुले साफ भेटते का नाई?"

तो साफ डबा. ज्याबद्दल मी साहेबांकडे घरच्यांची तारीफ केली होती.

मी ट्यूब काढली, फुलं बाजूला सारून पाणी घेतलं, गोळी टाकली. रंग नाही. आता त्याची गरजही नव्हती, पण टेस्ट करायला आलो होतो म्हणून केली. मोहाचं फूल म्हणजे साखरेनं भरलेला द्राक्षासारखा गोळा. उगाच नाही त्याची दारू होत. असे टोपलीभर गोळे रात्रभर पाण्यात भिजले की त्यांचा रस, पराग, सगळं पाण्यात उतरतं. क्लोरीन त्याच्याशी झुंजतो, झुंजतो आणि संपतो. सकाळी फुलं गायब, पाणी स्वच्छ, क्लोरीन शून्य. आणि दहा वाजता बी.एस्सी. माणूस येऊन विहिरीवर संशय घेतो.

"आजी, माझा क्लोरीन तुमचा मोह खात होता."

"कोन?"

"मी पाण्यात जे औषध टाकतो ना, ते. तुमचं फूल ते औषध पितं."

आजीची जाळी पहिल्यांदा थांबली. तिनं टोपलीतलं एक फूल उचललं. पिवळं नव्हतं, फिकट, पांढुरकं. नाकाशी धरलं. मग माझ्याकडे बघितलं.

"म्हंजे माह्या मोहाले तू औषध पाजून राहिला?"

"हो."

"झाडाले रोग नाई?"

"नाही."

"मंग शेनखत कायले घालाले लावलं बे?"

मी पुन्हा ट्यूब हलवायला लागलो.  आजी मात्र एकदम हसायला लागली. दांडा टेकून, कंबर धरून हसली. "मी म्हनतो झाडाले रोग, तू म्हनतो पान्याले रोग. माहा रोग तू, अना तुहा रोग मी!"

आणि मला लाडू आठवले. इतक्या दिवसांचे. मी साबणानं हात धुतले होते. चमचा मागितला होता.

आवाजानं कापगते भाऊ उठून आले. डोळे चोळत काठावर आले आणि पूल पाहून त्यांचे डोळे आपोआप उघडले.

"माय! तू पूलमंधी... रोज... अवो माय!"

"वरडू नको. एवढे दिवस त्याले लाडू खाऊ घातले, मोह कुठचा म्हनून एकदा तरी इचारलं का त्यानं? तू तरी इचारलं का?"

"मले वाटलं झाडाखालून आनते!"

"झाडाखाली टाकं तूच बांधलं."

भाऊंनी क्षणभर विचार केला आणि घाईत चुकीचा तोडगा काढला. "पूलवरची फांदी कापून टाकू."

 आजीनं जाळी खाली ठेवली आणि ती मोहाकडे चालायला लागली. शिदोरी तेवढी आणायची बाकी होती. भाऊंनी तिथल्या तिथं शब्द मागे घेतला.

आता तोडगा मला काढायचा होता. पाडव्याला लेकरं, साहेब आणि माझा जिल्हा, सगळे एकदम येणार होते. मोह तर अजून गळणारच होता. फांदी कापायची नाही. फूल पाण्यात पडू द्यायचं नाही. आणि आजीला वाकायला लावायचं नाही, कारण ती वाकणार नव्हती, जाळी घेऊन परत पाण्यावरच आली असती. मी वाडीत नजर फिरवली. कोपऱ्यात भाजीच्या रोपांसाठी आणलेली हिरवी शेडनेट गुंडाळून पडली होती.

"ही दिवस मावळला की पूलवर ताणून बांधायची," मी म्हणालो. "फुलं जाळीवर पडतील. पाण्यात नाही. पहाटे दोन्ही टोकं उचलली की सगळा मोह मधोमध गोळा होईल. आजी, कोरडा मोह. पिवळा."

आजीनं जाळी हातानं चाचपली. "माती लागन का?"

"नाही."

"औषध?"

"अजिबात नाही."

"उचलन कोन? माह्याच्यानं नाई होत."

मी भाऊंकडे बघितलं. आजीनंही बघितलं. कापगते भाऊ हे राईस मिलचे मालक आहेत आणि सकाळी आठच्या आधी उठण्याबद्दल त्यांची ख्याती नाही.

"माह्यासंगं पाह्यटे उठाचं," आजी म्हणाली. "टाकं तुहं आहे."

पहिल्या रात्री आमचा प्रयोग फसला. दवानं आणि फुलांच्या वजनानं जाळी मध्यभागी खाली आली, पाण्याला टेकली आणि सगळा मोह चहाच्या गाळणीतल्या पत्तीसारखा पाण्यात भिजत राहिला. दुसऱ्या दिवशी आडवे बांबू टाकले, त्यांवर जाळी ताणली. मी पाण्याला पुन्हा एकदा मोठा डोस दिला, आधीचा सगळा रस त्यानं संपवावा म्हणून. रात्री साकोलीला गेलोच नाही. भाऊंच्या ओसरीवरच झोपलो.

पहाटे मायलेक जाळी उचलत होते. "वर धर. तिकडून धर. धान पोत्यात भरतो तसं नाई, हलक्या हातानं." भाऊ जांभया देत धरत होते. मध्ये पिवळ्या मोहाचा ढीग जमला. आजीनं एक फूल तोंडात टाकलं, चावलं आणि डोळे मिटून मान हलवली. तिची टेस्ट पास झाली.

माझी ट्यूब गुलाबी झाली. संध्याकाळपेक्षा फार थोडी फिकी. मी ती भाऊंना दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, मग पंपाच्या खोलीकडे बघून नमस्कार केला. श्रेय निंबू-मिरचीला गेलं. मी हरकत घेतली नाही.

पाडव्याला पुण्याची लेकरं आली आणि कपडे पूर्ण काढायच्या आधीच पाण्यात गेली. निम्मं सानगडी कुंपणाला टेकून बघत होतं. शिंगाड्याचा विषय कुणी काढला नाही. पांडे साहेब नागपूरहून आले. स्वतःच्या किटनं, स्वतःच्या हातानं टेस्ट केली. गुलाबी.

"बढिया. कोण खात होतं मग?"

"ऑरगॅनिक लोड, साहेब," मी म्हणालो. सेंद्रिय कचऱ्याला आमच्या भाषेत असं म्हणतात. साहेबांनी मान हलवली. एवढ्यात ऑरगॅनिक लोड स्वतः बशी घेऊन आला. बशीत लाडू होते.

"घ्या साहेब. पाडवा आहे."

मी आजीकडे बघितलं. आजीनं हळूच मला सांगितलं, "जुने आहेत. ते पह्यले संपवा लागतीन ना."

साहेबांनी लाडू खाल्ला. पहिल्या घासाला त्यांचा चेहरा खुलला. शेवटच्या घासाला ते थोडे विचारात पडले. "छान आहे," ते म्हणाले. "काहीतरी औषधी आहे का यात?"

"हाव," आजी म्हणाली. "तुमच्याच कंपनीचं आहे."

साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला. गाडीत बसताना मला म्हणाले, "जिल्हा तुझा, मेश्राम." मी आईला फोन केला. ती म्हणाली, "ते मले माहीत आहे, नवीन काय सांगतं?"

आता भंडाऱ्याजवळच्या शहापूरपासून सानगडीपर्यंतचे पूल माझ्याकडे आहेत. किट तोच आहे, गोळ्या त्याच आहेत. फक्त कामाची पद्धत थोडी बदलली. नव्या घरी गेलो की किट उघडायच्या आधी मी एक प्रश्न विचारतो. घरात सगळ्यात आधी कोण उठतं? त्यांच्याशी बोलून घेतो. आणि त्यांनी काही खायला दिलं, तर आधी विचारतो की ते कुठून आणलं.